बाईंच्या आवाजाचं मशीन

कॉम्प्युटर विकणारा वेगळा आणि कॉम्प्युटर जोडणारा वेगळा. विकणारा खोकं उचलून हातात देतो. जोडणारा आधी विचारतो, "करायचंय काय?" मी जोडणारा. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत माझं दहा बाय बाराचं दुकान सत्तावीस वर्षं चाललं. गेल्या वर्षी बारीक स्क्रूवर डोळे ठरेनात म्हणून शटर कायमचं ओढलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि माझ्यापेक्षा बरं चालतं म्हणे.

"करायचंय काय?" या प्रश्नाला शंभरातले नव्वद लोक एकच उत्तर देत. "सगळंच." सगळंच करायला कुणालाच कॉम्प्युटर लागत नाही. मग खोदून खोदून विचारायचं. इंटरनेट स्वस्त झालं तसं एक नवं उत्तर यायला लागलं: "रेकॉर्डिंग करायचंय, घरच्या घरी, कमी खर्चात." या कामाची गंमत अशी की त्याला दांडगं मशीन लागत नाही. लागतं ते गप्प मशीन. कॉम्प्युटरच्या पोटात पंखे असतात, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर तीही फिरत असते. माइक शेजारी ठेवला की गाणाऱ्याच्या आधी पंखेच गातात. पण गिऱ्हाइकाला हे पटवणं म्हणजे लग्नात "बँड नको" म्हणण्यासारखं.

हरसूलकडचा एक गायक आला होता. लग्नातली गाणी स्वतः रचायचा, स्वतः म्हणायचा. आवाज खणखणीत. म्हणाला, "शेठ, लायटिंगवाला डबा पायजे. आतून लाल-निळा पेटला पायजे."

म्हटलं, "अरे, लाइट गाण्यात ऐकू येत नाही."

"गाण्यात नाय. पन घरी बघाया लोकं येतील ना!"

पाच पंख्यांचा, झगमगणारा डबा दिला जोडून. निम्मे पैसे त्यातच गेले, माइकला उरले नाहीत. नाकापेक्षा मोती जड. पंधरा दिवसांनी फोन आला, "शेठ, समद्या गान्यांत मागं पाऊस पडतोय." दोन पंखे काढून दिले, तेव्हा पाऊस थोडा ओसरला.

दुसरे पंचवटीतले एक गुरुजी. पोथ्या रेकॉर्ड करून यजमानांना पाठवायचे. एकदा भारावून दुकानात आले आणि म्हणाले, "ऐका. मंत्राखाली आपोआप ओंकार उमटलाय." ऐकलं. अखंड घूं असा आवाज होता खरा. त्यांच्या घरी जाऊन प्लग तपासला आणि म्हटलं, "गुरुजी, हा ओंकार नाही. तुमच्याकडे अर्थिंग नाही." वायरमन बोलावला, ओंकार गेला, आणि त्याच्याबरोबर गुरुजीही गेले. पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

असल्या गोष्टींवर हसत दिवस जायचे. पण सांगायचंय ते बाई आणि नानांबद्दल, आणि तिथे हसं माझं झालं.

लॉकडाऊनमधली ऑनलाइन शाळा संपून जेमतेम काही महिने झाले होते. दुपारी एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि त्या खांद्यावर हात ठेवून मागून चालणारे काळ्या चष्म्याचे एक गृहस्थ. बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळी कॉलनी बाई म्हणायची, त्यांच्या यजमानांना नाना. मीही तेच म्हणू लागलो. बाईंचा आवाज घसा बसल्यासारखा येत होता.

"आवाज रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर हवाय. स्वस्तात."

"गाणं की पोथी?" मी सवयीने विचारलं.

"बोलणं," बाई म्हणाल्या.

आणि पुढचं त्यांनी हजेरी घ्यावी तसं सरळ सांगून टाकलं. घशात गाठ आहे. महिन्याभराने ऑपरेशन, आणि त्यात स्वरयंत्र पूर्ण काढणार. "ह्यांचे डोळे साखरेने गेले, सहा वर्षं झाली. आता माझा आवाज जाणार. मी लिहिलं तर ह्यांना वाचता येणार नाही. खुणा केल्या तर दिसणार नाहीत. मग घरात आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, ते सांगा."

"करायचंय काय?" या प्रश्नाला इतकं स्पष्ट उत्तर मला कधी मिळालं नव्हतं. म्हटलं, "बाई, हल्ली टाइप केलं की मोबाइल मराठी वाचून दाखवतो."

"दाखवलं मुलीने. मोबाइलातली ती 'चहा घ्या' म्हणाली की हे विचारतात, 'कोण आलंय?'"

"मंग काय," नाना म्हणाले, "परक्या बाईच्या हातचा चा घ्यायचा का?"

बाईंनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. वाक्यं लिहिलेली, प्रत्येकाला क्रमांक घातलेला. आत्ता आपल्या आवाजात ही सगळी भरून ठेवायची. नंतर आकड्यांच्या छोट्या कीबोर्डवर नंबर दाबला की ते वाक्य वाजलं पाहिजे. नंबर पाठ करायची जबाबदारी त्यांची. "साठ पोरांचा पट तोंडपाठ असायचा माझा. हे काय जड आहे?" आज यंत्राला आवाज शिकवला की ते हवं ते वाक्य आपल्या आवाजात बोलतं म्हणतात. तेव्हा मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि बाईंची योजना ऐकून मी चाटच पडलो होतो.

सामान निवडायला बसलो. प्रोसेसर साधा चालेल, एका कंपनीच्या ऑफिसातून निघालेला जुना डबा घेऊ. ग्राफिक्स कार्ड नको. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, तिच्यात हलणारं काहीच नसतं. माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी एक छोटी डबी, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आणि माइक. माइक दोन जातींचे. एकाला तीन घरं पलीकडचा कुकरही ऐकू येतो, दुसऱ्याला तोंडाशी धरल्याशिवाय काही कळत नाही. घरात रेकॉर्डिंग म्हणून मी दुसरा, जरा बहिराच दिला.

राहिला एसएमपीएस. वीज वाटणारी ही पेटी, हिच्यातला पंखा सगळ्यात जास्त कुरकुरतो. मी नवीकोरी पेटी खोक्यातून काढून चालू केली. नाना म्हणाले, "मालक, जरा पेचकस द्या."

नानांनी पंचवीस वर्षं सातपूरला एका कारखान्यात मशीन दुरुस्ती केली होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक चाचपडत पेटीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तशी पेटी तपासली. "ह्याचं बेअरिंग बोलतंय. सहा महिने नाय काढायचं."

"नाना, सील आत्ता फोडलंय तुमच्यासमोर!"

"कानासमोर," नाना म्हणाले. "नवं आसंल, पन रडकं हाय."

मला रागच आला. दुसरी पेटी लावली, तीही नापास. तिसरीला बराच वेळ कान लावून म्हणाले, "हा झोपलाय. हा द्या." नापास झालेली पहिली पेटी मी हट्टाने माझ्याच टेबलावर वापरली. पाचव्या महिन्यात ती किंचाळायला लागली. तेव्हापासून दुकान बंद होईपर्यंत मी प्रत्येक पंखा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तपासला. गिऱ्हाइकं वेड्यासारखी बघायची, बघू दे.

मशीन जोडलं, अंबडकडच्या त्यांच्या घरी नेऊन लावलं. आणि इथे मी माती खाल्ली.

आमच्या धंद्यात हाताला सवयी लागतात. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या वर्गात कुकरच्या शिट्ट्या, भांडी, शेजारचं ड्रिल ऐकू यायचं. त्यासाठी आवाज साफ करणारा एक प्रोग्रॅम मिळायचा. दीड वर्षं मी दुकानातून गेलेल्या प्रत्येक मशीनमध्ये तो टाकला, न विचारता, फुकट. लोक दुवा द्यायचे. बाईंच्या मशीनवरही हात आपोआप तिकडेच गेला. त्यांचा आवाज क्षीण, मी दिलेला माइक बहिरा, म्हणून आवाज वाढवला तर खरखर यायची. मग साफसफाईही पूर्ण वर नेली. बाईंनी "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं. स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा आवाज. माझा मीच खूश.

बाईंनी एक अट घातली होती. नानांनी आत्ता काही ऐकायचं नाही. "पुढे जन्मभर हेच ऐकायचंय. आत्ता मी आहे ना बोलायला."

आणि त्यानंतर त्या रोज दुपारी दार लावून वही वाचत बसायच्या. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्या म्हणून सांगितलेलं. तरी तीन आठवड्यांत वही संपवली, तीनशे वाक्यं.

ऑपरेशनला आठ दिवस उरले तेव्हा मी आकड्यांचा कीबोर्ड जोडायला गेलो. नाना अडून बसले, "एक तरी ऐकू द्या." बाई हो-नाही करत तयार झाल्या. मी चौदा दाबला.

"चहा तयार आहे. गरम आहे, सावकाश घ्या."

मी पुढचा नंबर दाबला, मग त्याच्या पुढचा. नानांनी मान तिरकी केली. "ही कोन?"

"बाईच आहेत नाना."

"नाय. ही स्टँडवरची हाय. 'गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' म्हननारी."

बाईंचा चेहरा पडला. नानांना तो दिसायचा प्रश्न नव्हता, पण गप्प झालेली खोली त्यांना कळली असावी. जरा मऊ होऊन म्हणाले, "अगं, तू मला कधी 'सावकाश घ्या' म्हनालीस? तू म्हनतीस, 'तोंड भाजेल, फुंकर मारा आधी!' आन् तुझा श्वास कुठं हाय ह्यात? बांगड्या? परत्येक शब्दाचं शेपूट कापलंय कुनीतरी."

कुणी कापलंय ते मला ठाऊक होतं. त्या प्रोग्रॅमला स्पष्ट शब्द तेवढा कळतो, बाकी सगळा कचरा. श्वास कचरा, बांगड्या कचरा. बाईंच्या आवाजाची घोगरी किनार, जी आता त्यांच्या आवाजाची खरी ओळख होती, तीही त्याने कचऱ्यात काढली होती. बरं, मूळ आवाज तरी शिल्लक असावा? तोही नव्हता. जागा वाचावी म्हणून मी फक्त साफ केलेला आवाजच साठेल अशी सोय करून दिली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता. मोजके दिवस उरलेल्या घशातले तीन आठवडे मी पाण्यात घातले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "थोडी माझीपण आहे. मी धडा वाचल्यासारखं वाचलं. चूक कळली ना? मग पुसा फळा."

दुसऱ्या दिवशी मी ज्याला नावं ठेवली होती तोच तिखट कानाचा माइक आणला, तो स्वयंपाकघरातल्या फळीला टांगला. दुसरा तसाच हॉलमध्ये. सफाईचा प्रोग्रॅम काढून टाकला. सकाळी चालू करायचं, संध्याकाळी बंद. वही बाजूला ठेवायची. वाचायचं काहीच नाही, नेहमीसारखं राहायचं. त्या दिवसभराच्या आवाजातून वाक्यं कापून काढायचं काम माझं, आणि त्याचा एक पैसा घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

नानांवर कामगिरी सोपवली, बाईंना बोलतं करायचं. ती त्यांनी मनापासून केली. काठी मुद्दाम इकडेतिकडे ठेवायचे, गोळी घेतली नाही म्हणून खोटं सांगायचे. एकदा चाचपडत फ्रिज उघडून पेढ्याच्या खोक्यात हात घातला, तर आतून बाई कडाडल्या, "हात बाहेर! फ्रिजचं दार ऐकू येतं मला! साखर किती आलीये माहितीये ना?" तो तुकडा मी एकशे अकरा नंबरला ठेवला. कारण लक्षात राहायला सोपा.

सहा दिवस मी दुकानात हेडफोन लावून दुसऱ्याचं घर ऐकत होतो. फोडणी, भांडी, चपलांचा आवाज, आणि मधूनमधून बाई. "उंबरा आहे, पाय उचला." "स्वेटर उलटा घातलाय." "कोण होतं फोनवर?" "अहो, ऐकताय का?" चाळीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं दिवसभरात किती बोलतात! आमच्याकडे मी आणि बायको याच्या पावपटही बोलत नाही, हे मला त्याच आठवड्यात कळलं. मशीन माझं गप्प होतं, एकदाही मध्ये कुरकुरलं नाही. सहाव्या दिवशी मात्र बाईंची नुसती कुजबुज उरली. हाती दोनशे चाळीस तुकडे आले होते. बाईंनी नंबर पाठ केले आणि दवाखान्यात गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. यंत्रणा चालतेय, पण एक घोळ आहे. आवाज हॉलमधल्या स्पीकरमधून येतो, म्हणून बाबा आईशी बोलताना टेबलाकडे तोंड करून बोलतात.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बिनवायरचा छोटा स्पीकर घेतला, कंबरेला बांधायची एक पिशवी घेतली आणि गेलो. मुलगी दार उघडून, मला आत बसवून औषधं आणायला गेली. बाई हॉलमध्ये खुर्चीत बसल्या होत्या, नाना पलीकडच्या पलंगावर. गळ्याला पट्टी, मध्ये नळी, मांडीवर आकड्यांचा कीबोर्ड. खूप वाळल्या होत्या. मी पिशवी बांधून दिली, स्पीकर जोडला, आणि म्हटलं, "नाना, पलंगावरून उठून जरा इकडे या."

बाईंनी नंबर दाबला. "डावीकडे, डावीकडे! स्टूल आहे!" मागे फोडणीचा चुरचुर आवाज, बांगड्यांची किणकिण. नाना डावीकडे वळले आणि तोंड टेबलाकडे न करता बरोबर बाईंकडे केलं. "आता कसं! आता तू हितं हायेस," म्हणाले, आणि सोफ्यावर बसले. माझी छाती अभिमानाने फुगली, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत जोडलेल्या मशीनांत असं एकही नव्हतं.

मी वायरी गोळा करायला लागलो. तेवढ्यात नानांनी हळू आवाजात विचारलं, "दुखतंय का गं लय?"

बाईंचं बोट कीबोर्डवर गेलं आणि तिथेच थांबलं. एका आकड्यावरून दुसऱ्यावर फिरलं, पुन्हा थांबलं. शेवटी त्यांनी एक नंबर दाबला.

"काही नाही हो! बसा तुम्ही!"

घोगरा पण टवटवीत, थोडा चिडका आवाज, मागे पातेलं आपटल्याचा. तो तुकडा मीच कापला होता. दूध उतू गेलं तेव्हा नानांनी "काय झालं?" म्हणून विचारलं होतं, त्याचं ते उत्तर. नानांनी मान डोलावली. "मंग बरं," म्हणाले.

मी वर पाहिलं. बाईंच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

दोनशे चाळीस तुकडे मी मनातल्या मनात चाळले. चहा, उंबरा, गोळी, साखर, स्टूल, स्वेटर, काठी, दार. एकाही वाक्याची सुरुवात "मला" अशी नव्हती. बाईंच्या वहीत तसं वाक्य नव्हतं, आणि सहा दिवसांच्या बोलण्यातही त्या एकदाही तसं बोलल्या नव्हत्या. मी हेडफोन लावून सगळं ऐकलं, कापलं, नंबर दिले, आणि माझ्याही ध्यानात आलं नाही. नानांना तरी कसं कळणार? त्यांना ऐकू आला तो चांगल्या दिवशीचा आवाज होता, त्यात आजचं दुखणं कुठून येणार!

गिऱ्हाइकाच्या घरातल्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. लोकांचे कॉम्प्युटर उघडणाऱ्याला तो पाळावाच लागतो आणि मी तो कटाक्षाने पाळला होता. पण त्या खोलीत त्या वेळी दिसत होतं आणि बोलताही येत होतं असा मी एकटाच होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

"नाना," मी म्हटलं, "बाईंना दुखतंय. खूप दुखतंय."

नाना उठले. मध्ये टेबल होतं, माझ्या वायरी जमिनीवर पसरलेल्या होत्या. बाईंनी एकही नंबर दाबला नाही. तरी ते सरळ चालत खुर्चीपाशी आले, खाली बसले, आणि बाईंची आवळलेली बोटं एकेक करून सोडवत राहिले.